खो देणाऱ्याचेही नाव लिहा

प्रति,
अध्यक्ष व राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य,
भारतीय खो-खो महासंघ, नवी दिल्ली.



१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर पहिल्या खो-खो विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना झाला. तीन पाळ्या संपल्या तेव्हा भारताचे ७३ गुण होते आणि नेपाळचे २४. चौथ्या पाळीत आक्रमण नेपाळचे. सात मिनिटांत ४९ गुणांची तूट भरून काढणे फार अवघड होते; पण याच सामन्यात भारताने पहिल्या पाळीत ३४ आणि तिसऱ्या पाळीत ३८ गुण घेतले होते, त्यामुळे या वेगवान खेळात गुण किती झपाट्याने पडतात हे दोन्ही संघांनी नुकतेच पाहिले होते. मग चैत्रा बी.च्या तुकडीने ५ मिनिटे १४ सेकंद खिंड लढवली. तीन मिनिटे टिकल्याचा एक गुण आणि पुढे दर तीस सेकंदांना एक, असे पाच गुण त्या एकाच ड्रीम रनमध्ये मिळाले. भारत ७८, नेपाळ ४०. सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू चैत्रा ठरली.

चैत्रा म्हैसूर जिल्ह्यातली. कावेरी आणि कपिला जिथे मिळतात त्या टी. नरसीपूर तालुक्यातले कुरुबूर हे तिचे गाव. मी म्हैसूरला राहते, खो-खोच्या मैदानावरच वाढले आहे, आणि सवड मिळेल तेव्हा आजही तालुक्याचे, शाळांचे सामने बघायला जाते. त्या विजयानंतर इथल्या मैदानांवरच्या मुलींची मान किती ताठ झाली ते मी पाहिले आहे. आपण निवडलेल्या संघाने विश्वचषक आणला, पुरुषांनीही त्याच दिवशी नेपाळला ५४–३६ असे हरवले. त्याबद्दल मनापासून अभिनंदन. तरीही आज हे पत्र लिहिते आहे ते एका मागणीसाठी, आणि ती संघ जिंकत असतानाच करायला हवी. हरल्यावर केलेल्या मागणीत राग मिसळतो.

चैत्राचे काम घड्याळाने मोजता आले. संरक्षक किती मिनिटे, किती सेकंद टिकला हे आपल्या गुणपत्रकात पहिल्यापासून लिहिले जाते. त्यामुळे कुरुबूरच्या मैदानावर खेळणारी मुलगी असो की पुण्याच्या नामांकित क्लबातली, चांगली पळती कागदावर दिसतेच. आक्रमणाचे तसे नाही. कोणता गडी कोणी बाद केला, किती वेळाने केला, साधा स्पर्श की सूर की खांबावर, एवढे पत्रक सांगते. त्या स्पर्शाच्या आधी काय घडले याला त्यात रकाना नाही. आणि खो-खोमध्ये आक्रमणाचे जवळजवळ सगळे काम त्या स्पर्शाच्या आधीच झालेले असते.

आपणासारख्या जाणकारांना नियम सांगायची गरज नाही, पण हे खुले पत्र आहे, म्हणून थोडे लिहिते. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. पाटीवर बसलेल्या गड्यांमधून त्याला पलीकडे जाता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळीकडे मुभा. तो दोन पाट्यांमधून शिरतो, मागे फिरतो, हूल देतो, उभाही राहतो. अशा गड्याला एकट्याने, केवळ पायांच्या जोरावर पकडणे अशक्यप्राय आहे. म्हणून तर खो आहे. पळणारा पलीकडे गेला की त्या बाजूला तोंड करून बसलेला उठतो. बसलेल्यांची ओळ हीच आक्रमणाची फळी, आणि त्या फळीचा वेग तिच्यातल्या कोणा एकाच्या धावण्यावर ठरत नाही. खो किती अचूक क्षणी दिला गेला आणि घेणारा किती तयारीत बसला होता यावर तो ठरतो.

इथल्या एका तालुक्याच्या सामन्यात पाहिलेली चाल सांगते. मातीचे मैदान, संध्याकाळची वेळ. पळणारी मुलगी साखळीत उत्तम होती. एक पाटी सोडून दुसऱ्या पाटीमधून नागमोडी जात होती आणि दोन आक्रमक तिच्या मागे दमून बसल्या होत्या. तिसरी उठली. तिने त्या मुलीला शिवायचा प्रयत्नच केला नाही. मधल्या रेषेला अगदी खेटून, पळणारी आणि पाट्या यांच्या मध्ये अंग ठेवून ती खांबाच्या दिशेने निघाली. एकेक फट आपल्या शरीराने बंद करत गेली. पळणारीला आत शिरायला जागा मिळेना, म्हणून तीही समांतर पळत राहिली. शेवटची पाटी आणि खांब यांच्यामधली फट मात्र या मुलीने मोकळी सोडली, त्यासाठी अर्धे पाऊल मुद्दाम मागे राहिली. पळणारीने ती फट घेतली. त्याच क्षणी शेवटच्या पाटीवरच्या मुलीच्या पाठीवर हात पडला, खो झाला. ती मुलगी आधीच पंजांवर आली होती. एका हाताने खांब धरून तिने सूर मारला, आणि पळणारी बाद.

टाळ्या सूर मारणारीला मिळाल्या. पत्रकावर क्रमांकही तिचाच पडला. तिने सूर सुरेख मारला होता, कौतुक तिचे व्हायलाच हवे. पण तो गडी बाद केला होता फटी बंद करणाऱ्या मुलीने. त्या सामन्यात तिच्या नावावर बहुधा एकही गडी लागला नसेल. उद्या जिल्ह्याच्या, विभागाच्या, राज्याच्या निवडीत तिचे पत्रक समोर ठेवले, तर निवड करणारा काय म्हणेल? शून्य गडी. पुढचे नाव घ्या.

‘आमची नजर तयार आहे, आम्हाला हे दिसते,’ असे आपण म्हणाल, आणि शिबिरात ते खरेही आहे. जुन्या खेळाडूची नजर असली गोष्ट चुकत नाही. पण शिबिरापर्यंत पोहोचणाऱ्या मुली मोजक्याच. त्यांच्या आधीच्या चाळण्यांवर आपली नजर नसते, तिथे कागद असतो. शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा प्रत्येक पायरीवर कोणीतरी घाईघाईत बाद केलेल्या गड्यांची बेरीज करतो आणि यादी लावतो. २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, खेळ टीव्हीवर आला, फार चांगले झाले. पण त्याबरोबर आक्रमणाच्या गुणांचे तक्तेही घरोघरी पोहोचले, आणि आता बारा-तेरा वर्षांची मुलेसुद्धा ‘माझे किती गडी’ एवढेच विचारतात. हे मला फार खटकते. जो मुलगा खो द्यायचा सोडून स्वतः सूर मारायला जातो, तो आपल्याच मोजपट्टीने घडवलेला आहे.

ही अडचण केवळ खो-खोची नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा फुटबॉल खेळतात. अंडाकृती मैदान, बाजूला अठरा-अठरा गडी, मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने पार केला की सहा गुण. तिथल्या आघाडीच्या फळीत पूर्वीपासून उंच, धिप्पाड, उडी मारून चेंडू झेलणाऱ्या गड्यांचे प्रस्थ. २०१७ साली रिचमंड संघाने वेगळाच डाव मांडला. आघाडीला उंच असा मुख्य गडी एकच, जॅक रीवोल्ट. त्याच्या आजूबाजूला डॅन बटलर, जेसन कास्टान्या, डॅनियल रिओली असे लहान चणीचे, चपळ खेळाडू. गोल करणे हे त्यांचे एक काम होते, पण त्याहून मोठे काम असे की प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला चेंडू सुखाने बाहेर काढू द्यायचा नाही. धावून अंगावर जायचे, घाई करायला लावायची, चुकीची लाथ मारायला लावायची. चेंडू पुन्हा आपल्याच आघाडीत, मग गोल कोणीही करो. त्या मोसमात सर्वाधिक गुण करणाऱ्या ॲडलेड संघाला रिचमंडने अंतिम सामन्यात १०८–६० असे हरवले. १९८० नंतर त्यांना मिळालेले ते पहिलेच विजेतेपद.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या लीगमध्ये असल्या कामाची मोजदाद होते. गोलच्या पन्नास मीटरच्या आत आघाडीच्या गड्याने प्रतिस्पर्ध्याला किती वेळा पकडले, किती वेळा दडपण आणले, गुण ज्यातून झाला त्या साखळीत कोणाकोणाचा हात लागला, हे सगळे आकड्यांत लिहिले जाते. म्हणून एकही गोल न केलेल्या गड्याला पुढच्या आठवड्यात संघात ठेवताना प्रशिक्षकाला कोणाची समजूत काढावी लागत नाही. त्याच ऑस्ट्रेलियाचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ आपल्या विश्वचषकात दिल्लीला येऊन खो-खो खेळून गेले. ते आपला खेळ शिकत आहेत. मोजणीची ही रीत आपण त्यांच्याकडून घ्यायला काय हरकत आहे?

विश्वचषक ज्या वेगवान पद्धतीने खेळला गेला, तीत तर याची निकड जास्तच आहे. नऊ मिनिटांच्या पाळीऐवजी सात मिनिटांची, मैदानात नऊऐवजी सात गडी. पाटीवर माणसे कमी. एकाने खो चुकवला की ती चूक सावरायला मागे तेवढी माणसे उरत नाहीत. शिवाय वजीर. त्याला दोन्ही दिशांना फिरायची मोकळीक असल्यामुळे पहिला विचार असा येतो, की सर्वांत वेगवान गडी वजीर करावा. मला ते पटत नाही. वेगवान गडी एका दिशेनेही कामाचा असतोच. वजिराची खरी किंमत पळणाऱ्याचे परतीचे दार लावण्यात आहे. साखळी सोडून एकाच बाजूला गोल फिरणाऱ्या गड्याला मागे वळून अडवणे एरवी कोणालाच जमत नाही, ते वजिराला जमते. त्यासाठी पायांपेक्षा नजर लागते, थांबण्याची हिंमत लागते, आणि आपण अडवलेला गडी दुसऱ्याने बाद केला तर आनंद मानण्याचा स्वभाव लागतो. हा स्वभाव बाद गड्यांच्या तक्त्यात कुठे दिसणार?

पुरुषांच्याच संघाचे बघा. १३ जानेवारीला स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात नेपाळविरुद्ध ४२–३७ अशी पाच गुणांची निसटती जीत. सहा दिवसांनी, त्याच नेपाळविरुद्ध, अंतिम सामन्याच्या पहिल्याच पाळीत २६–०. सहा दिवसांत कोणाचे पाय अधिक वेगाने धावायला लागत नाहीत. एकमेकांचा अंदाज मात्र येतो. कोण कुठे बसला की कोणाला कधी उठवायचे हे अंगात भिनते. प्रतीक वायकर, सुयश गरगटे, रामजी कश्यप, आदित्य गणपुले, अनिकेत पोटे अशी महाराष्ट्राची पाच माणसे त्या संघात होती. त्यांनी वर्षानुवर्षे एकमेकांबरोबर आणि एकमेकांविरुद्ध खेळून जी जाण कमावली, तिचाही त्या आक्रमणाला आधार झाला असणार, असे मी समजते. प्रत्येक राज्यातून सर्वाधिक गडी बाद करणारा एकेक जण उचलून संघ बांधला असता तर ही जाण कुठून आणली असती?

म्हणून माझे म्हणणे असे, की खांबावर सूर मारणारा निवडताना त्याच्याकडे पळणाऱ्याला हाकत आणणारा कोण, हे त्याच बैठकीत ठरावे. खांबाजवळच्या दोन्ही टोकांच्या पाट्या, मधल्या पाट्या, वजीर, या जागांसाठी माणसे निवडावीत. नुसती पंधरा नावे नकोत. संरक्षणातही तेच. तिघांच्या तुकडीत एक जण पाच मिनिटे टिकतो तेव्हा उरलेल्या दोघांनी आक्रमण किती वेळ आपल्या अंगावर ओढून घेतले होते, याचाही विचार व्हावा. आणि अंतिम यादी जाहीर करताना प्रत्येक नावापुढे त्याला कोणत्या कामासाठी घेतले ते एका ओळीत लिहावे. ज्याची निवड हुकली त्या मुलाला किंवा मुलीला त्या ओळीवरून कळेल, की आपल्याला वर्षभर कशावर मेहनत करायची आहे. आज त्यांना फक्त कळते, की आपले नाव नाही.

गुणपत्रकात एक रकाना वाढवा, ही माझी मुख्य विनंती. ज्याने बाद केले त्याच्या क्रमांकाशेजारी, त्याला शेवटचा खो ज्याने दिला त्याचा क्रमांक. एवढेच. फटी बंद करणाऱ्या मुलीचे सगळे कौशल्य त्यात उतरणार नाही हे मला मान्य आहे. पण शंभर सामन्यांच्या पत्रकांत एखादा क्रमांक त्या रकान्यात पुन्हा पुन्हा दिसू लागला, तर निवड करणारा निदान थांबेल आणि विचारेल, ही कोण? याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. गुणलेखकाचे काम वाढेल, हा आक्षेप मी ऐकला आहे. सेकंद टिपणारा आणि बाद होण्याची खूण लिहिणारा हात आणखी एक क्रमांक लिहू शकतो. मोठ्या सामन्यांत हल्ली मोबाइलवर चित्रण असतेच; शंका आली तर ते बघता येते. या खेळाचे नियम गेल्या शतकात पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले, त्यानंतर मैदानाची मापे बदलली, गड्यांची संख्या बदलली, माती जाऊन मॅट आली, वजीर आला. एका रकान्याने परंपरा बुडणार नाही.

मॅटचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. म्हैसूरच्या दसऱ्यात मुख्यमंत्री चषकाच्या स्पर्धा होतात. तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत मुले-मुली चामुंडी विहार स्टेडियमपर्यंत येतात. त्यांतल्या कितीतरी जणी आपापल्या गावी मातीवरच खेळलेल्या असतात. मातीवर सूर मारला की कोपर सोलवटते, पण अंग पुढे घसरत जाते. मॅटवर पाय घट्ट धरतो आणि तोच सूर हातभर आखूड पडतो. पाटीवरून उठतानाचा जोरही वेगळा लागतो. अशी मुलगी निवड चाचणीला आली आणि पहिल्याच दिवशी तिच्या सुरांची मोजणी झाली, तर मोजली जाते ती मॅट वापरायची सवय. तिला मॅटवर सरावाचे काही दिवस द्या, मग पारखा. त्याहून चांगले म्हणजे निवड समितीतल्या कोणीतरी दसऱ्याच्या दिवसांत इकडे यावे. टी. नरसीपूरला जावे, मातीच्या मैदानाच्या कडेला उभे राहून एक अख्खा सामना बघावा.

आणखी एका कारणासाठी निवडीचा हिशेब उघड हवा. विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचे बक्षीस दिले. कर्नाटकात चैत्रा आणि तिच्यासारखाच विश्वविजेत्या संघात असलेला गौतम एम. के. यांना प्रत्येकी पाच लाख जाहीर झाले. दोघांनी ते नाकारले आणि महाराष्ट्राचे उदाहरण दाखवून योग्य सन्मान मागितला. मराठी माणूस म्हणून मला महाराष्ट्राच्या निर्णयाचा अभिमान आहे, आणि म्हैसूरची रहिवासी म्हणून त्या दोघांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते. हा वाद सरकारांचा आहे, तो आपल्याकडे सोडवायला आणलेला नाही. पण त्यातून एक गोष्ट आपल्या टेबलावर येऊन पडते. पंधरा नावांच्या यादीतल्या एका ओळीवर आता खेड्यातल्या एखाद्या कुटुंबाचे सगळे आयुष्य पालटू शकते. चुलीपासून कर्जापर्यंत सगळे. पूर्वी निवड हुकली तर एक पदक हुकायचे. आता ज्याचे नाव राहून गेले त्याला कारण विचारायचा हक्क आहे, आणि ‘तुझे गडी कमी होते’ हे उत्तर पुरेसे नाही.

येत्या मोसमाच्या राष्ट्रीय स्पर्धेपासून हा रकाना सुरू करता येईल. राज्य संघटनांना एक परिपत्रक आणि गुणपत्रकाचा नवा नमुना पाठवला की शाळेच्या सामन्यांपर्यंत तो आपोआप झिरपेल. पहिल्या वर्षी नोंदी कच्च्या राहतील, चुका होतील, तरी चालेल. दुसऱ्या वर्षी निवडीच्या बैठकीत त्या नोंदी समोर ठेवाव्यात आणि त्यांचा किती उपयोग झाला ते जाहीरपणे सांगावे. या विनंतीचा विचार करून आपण उत्तर द्यावे. ते उत्तरही खुलेच असू द्या, म्हणजे म्हैसूर जिल्ह्यातल्या मैदानांवरच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना मला ते कानडीत वाचून दाखवता येईल.



आपली,
खो-खोच्या मैदानावर वाढलेली एक मराठी वाचक,
म्हैसूर